एका मिलिमीटरचा हिशेब

पुण्याभोवती ऊस दिसतो, भाजीपाला दिसतो. पण वेचणीला आलेलं, पांढरं झालेलं कापसाचं रान काही दिसत नाही. तरीही विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीला पाणी कधी नि किती द्यावं, या सल्ल्यामागचं मोजमापाचं शास्त्र आपल्याकडे रुजलं ते शिवाजीनगरात. हवामान खातं १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. चौकाला सिमला ऑफिस हे नाव त्यामुळेच. खात्याचा कृषिहवामान विभाग १९३२ मध्ये एल. ए. रामदास या सी. व्ही. रामन यांच्या शिष्याने उभा केला आणि कृषी महाविद्यालयाच्या शेतात वेधशाळा थाटली गेली. कपाशीच्या शेतापासून इतक्या लांब बसून पिकाची तहान कशी मोजतात, ते बघायला मी गेलो.

सकाळच्या नोंदीची वेळ सातची, पण माझ्या घड्याळात तेव्हा ७:३५ झाले होते. इथल्या या नोंदी भारतीय प्रमाणवेळेवर नाही, पुण्याच्या डोक्यावरच्या सूर्यावर चालतात. आणि तो प्रमाणवेळेच्या पस्तीसेक मिनिटं मागे असतो. पीक सूर्याचं ऐकतं, रेडिओचं नाही. तापमान, आर्द्रता, वारा, जमिनीखाली पाच, दहा, वीस सेंटिमीटरवरची ऊब या सगळ्या नोंदी निरीक्षकांनी भराभर उरकल्या.

थांबले ते बाष्पीभवन पात्रापाशी. लाकडी चौकटीवर ठेवलेलं, १२२ सेंटिमीटर व्यासाचं, पांढरं रंगवलेलं गोल भांडं. गुऱ्हाळातल्या काहिलीची धाकटी बहीण म्हणा. वर तारेची जाळी. पाखरं पाणी पितात आणि ते पाणी फुकट सूर्याच्या नावावर चढतं, म्हणून ती लावलेली. आत एका छोट्या नळकांड्यात वर टोक केलेली एक सळई असते. रात्रंदिवसात पाणी उडून पातळी त्या टोकाच्या खाली जाते. मग मोजनळीने पाणी ओतायचं, पुन्हा टोकाला लागेपर्यंत. नळीचं क्षेत्रफळ पात्राच्या क्षेत्रफळाचा शंभरावा हिस्सा, म्हणून नळीतले वीस सेंटिमीटर म्हणजे पात्रातले दोन मिलिमीटर.

ऑक्टोबरचं ऊन. निरीक्षक उकिडवे बसले, डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि तिसरी नळी अगदी धारेधारेने सोडायला लागले. टोकाभोवती पाण्याला खळी पडली तसा हात थांबला. अडीच नळ्या. पाच मिलिमीटर.

"पाचच?" मी म्हणालो.

"सर, एक मिलिमीटर म्हणजे एकरी चार हजार लिटर."

हा आकडा त्यानंतर माझ्या डोक्यातून हलेना. एकरी चार हजार लिटर. म्हणजे त्या पात्राच्या हिशेबाने एकरावरून एका दिवसात वीस हजार लिटर गेले, आणि कुणाला चाहूलही नाही. अर्थात पात्रातून जितकं उडतं तितकं पीक उडवत नाही. साधारण सत्तर टक्के धरायचे, मग पिकाच्या वयाचा गुणक लावायचा. कोवळ्या कपाशीचा गुणक लहान. फुलं-बोंडं भरात असताना तो एकाच्याही वर जातो. पाचाचे साडेतीन, साडेतीनाचे चार. चार मिलिमीटर, एकरी सोळा हजार लिटर, रोज. हे गुणक ठरवायला लायसिमीटर लागतो: शेतातच पुरलेली मातीची पेटी, खाली वजनकाटा, आत आजूबाजूचंच पीक. पेटीचं वजन घटलं तेवढं पाणी गेलं.

ठिबक असलेल्या शेतकऱ्याला हा हिशेब सोन्यासारखा आहे. दिवसाआड किती वेळ संच चालवायचा, ते त्याला ठरवता येतं. पण महाराष्ट्रात चाळीसेक लाख हेक्टर कपाशी आहे आणि तिच्यातली पंचाण्णव टक्क्यांहून जास्त कोरडवाहू. ज्याच्याकडे तोटीच नाही, त्याला सोळा हजार लिटर सांगून काय करायचं?

आता तोच आकडा उलटा वाचू. खोल काळ्या जमिनीत मीटरभरात पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. दोनशे म्हणजे एकरी आठ लाख लिटर, ते जमिनीतच. रोजच्या चाराने ते दीड महिना पुरावं. मुरमाड रानात पन्नासच मावले तर बारा दिवसांत पाते आणि बोंडं गळायला लागतात. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो. म्हणून कोरडवाहू कपाशीचं पाणी-व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः पडलेलं पाणी मुरवणं आणि धरून ठेवणं: उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, वेळेवर डवरणी, म्हणजेच कोळपणी. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते खोटं नाही. तण जातं, भेगा बुजतात. शेततळ्यातलं एखादं पाणी बोंड भरताना मिळालं, तर ते आधीच्या दोन पाण्यांपेक्षा मोलाचं. उलट डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेणं, तेच पीक पुढे ओढणं, म्हणजे गुलाबी बोंडअळीला घरी जेवायला बोलावणं. पाणीही गेलं, पुढचा हंगामही.

हे सगळं सांगायला मधे माणूस लागतो. भारी जमिनीचा सल्ला मुरमाड रानाला चालत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामान सल्ला जिल्ह्यापर्यंत नेण्यासाठी देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा एककं उघडली होती. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्यात आली. विद्यापीठांमधली जुनी केंद्रं चालू आहेत, पण एकेका केंद्राच्या गळ्यात कितीतरी जिल्हे आहेत. पुण्यात नळीचा शेवटचा थेंबही मोजून सोडायचा आणि गावाकडे तो हिशेब समजावून सांगणारा माणूस काढून टाकायचा, हा व्यवहार मला पटत नाही. ती एककं पुन्हा सुरू करायला हवीत, आणि पुढच्या मृगाच्या आत.