सागरप्रवासाची सांगता आणि परतीचे विमान

सागरपर्यटनास जाणारी आपली कुटुंबे पुष्कळदा नौका बंदरास लागते त्याच दिवशीचे परतीचे विमान घेतात. एका मुक्कामाचा खर्च वाचतो, पेढी लवकर गाठता येते, हा हिशेब वरवर रास्त दिसतो. परंतु नौका लागणे आणि प्रवासी बंदराबाहेर पडणे या दोन निराळ्या गोष्टी होत. अधिकाऱ्यांची अनुमती मिळाल्यावरच उतारूंना गटागटाने सोडतात. आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवलेले सामान धक्क्यावर शोधावे लागते.

रोमचेच उदाहरण घ्या. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ असले तरी नौका लागते ती चिव्हिताव्हेक्कियास, नगरापासून सुमारे ७० किलोमीटर दूर. तेथून फ्युमिचिनो विमानतळास मोटारीने तासभर सहज लागतो, आणि परदेशगामी विमानासाठी तीन तास आधी पोहोचणे इष्ट. म्हणून सकाळी ७ वाजता नौका लागणार असेल, तर दुपारी २ पूर्वीचे विमान धरू नये, असे आम्ही सुचवितो. वृद्ध मंडळी सोबत असल्यास एक रात्र मुक्कामच करावा. मात्र व्हिसाची मुदत तेवढी आहे ना, हे आधी पाहावे. मालाच्या विम्याचा हप्ता भरताना आपण हळहळत नाही. हा मुक्कामही तसाच विमा होय.