बाह्य भिंतीलगतचे वॉशबेसिन : निचरा व वायुनलिका यांची रचना

प्रस्तावना :
वॉशबेसिन ही वरकरणी साधी सोय वाटते. तथापि बेसिनखालील नळी मैलापाण्याच्या जाळ्याला जोडलेली असते आणि त्या जाळ्यातील दूषित वायू व घर यांच्यामध्ये केवळ काही सेंटिमीटर पाणी उभे असते. या पाण्याचे महत्त्व २००३ मध्ये हाँगकाँग येथे प्रकर्षाने दिसून आले. अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्सचे ३२१ रुग्ण आढळले. स्नानगृहांच्या जमिनीतील कोरडे पडलेले ट्रॅप हा प्रसाराचा एक मार्ग असल्याचे तपासात पुढे आले. हे पाणी टिकविणे बाह्य भिंतीलगत, विशेषतः थंड प्रदेशात, अधिक कठीण होते. म्हणून प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेतील लाकडी चौकटीच्या घरांचे उदाहरण घेतले आहे.

जलबंध व वायुनलिका :
बेसिनखालील वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, साचून राहणाऱ्या पाण्यास जलबंध म्हणतात. त्याची खोली साधारणतः २ ते ४ इंच असते. भरलेले बेसिन एकदम रिकामे केल्यास वेगाने जाणारे पाणी मागील हवा ओढते आणि वक्रनलिकेच्या तत्त्वाने ट्रॅपमधील पाणीही खेचले जाते. वायुनलिका, म्हणजेच व्हेंट पाइप, तेथे बाहेरची हवा पुरवून हे खेचणे थांबविते.

ट्रॅपपासून व्हेंटचे अंतरही मर्यादित असावे लागते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या ‘इंटरनॅशनल प्लंबिंग कोड’नुसार या अंतरातील एकूण उतार नळीच्या व्यासाहून अधिक असू नये. दर फुटास पाव इंच उतार धरल्यास सव्वा इंची नळीस ५ फूट अंतर मिळते. त्याहून दूर गेल्यास व्हेंटचे तोंड ट्रॅपमधील पाण्याच्या पातळीखाली जाते आणि हवेची वाट बंद होते.

बाह्य भिंतीच्या अडचणी :
१) गोठण : पुरेसे संरक्षण नसेल तर बाह्य भिंतीत निचऱ्याच्या नळ्या बसविण्यास उपरोक्त संहितेत मनाई आहे. म्हणून उष्णतारोधक थर नळी व भिंतीची बाहेरची बाजू यांच्यामध्ये भरावा. खोलीच्या बाजूने तो भरल्यास नळी घरातील उबेपासून तुटते. सतत पाणी धरून ठेवणारा ट्रॅप भिंतीत न ठेवता बेसिनखालील कपाटातच ठेवणे श्रेयस्कर ठरते.

२) खिडकी : बेसिनवर खिडकी असल्यास व्हेंट सरळ वर नेता येत नाही. तो आडवा वळवावयाचा तर बेसिनच्या काठापेक्षा किमान ६ इंच वर आल्यावरच वळवावा लागतो. अन्यथा नळी तुंबल्यावर सांडपाणी व्हेंटमध्ये शिरून गाळ साचतो. शिवाय भार पेलणाऱ्या लाकडी खांबास त्याच्या जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंतच भोक पाडता येते. साडेतीन इंची खांबात ही मर्यादा १.४ इंच होते, तर सव्वा इंची प्लॅस्टिक नळीचा बाहेरील व्यासच १.६६ इंच असतो. साडेपाच इंची खांबात मात्र २.२ इंचांचे भोक चालते. अन्यथा जोडखांब वापरणे किंवा व्हेंट आतील भिंतीतून नेणे, हे पर्याय उरतात.

३) छत : नळीतील दमट हवा छतावरील टोकाशी गोठून तोंड बुजविते. यास्तव अतिशीत प्रदेशात छताबाहेरील व्हेंट किमान ३ इंच व्यासाचा ठेवतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात :
आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. त्यामुळे मुंबईसारख्या शहरांत नळ्या भिंतीच्या बाहेरूनच उघड्या नेलेल्या दिसतात. मात्र खेचले जाण्याचा धोका येथेही तोच आहे. त्यात उन्हाळ्यातील बाष्पीभवनाची भर पडते आणि त्यावर व्हेंटचा इलाज चालत नाही. सुटीत बंद राहिलेल्या घरात किंवा वसतिगृहात परतल्यावर प्रत्येक बेसिनमध्ये व जाळीत तांब्याभर पाणी ओतणे, हाच त्यावरील सोपा उपाय होय.

निष्कर्ष :
निचऱ्याची नळी पाणी बाहेर नेते आणि व्हेंट ट्रॅपमधील पाणी जागेवर राखतो. भिंतीच्या सोयीसाठी व्हेंटला फाटा दिल्यास बेसिन वरून सुस्थितीत दिसते, परंतु आरोग्याचे कवच नाहीसे झालेले असते. म्हणून बेसिनची जागा ठरविताना व्हेंटचा मार्ग आधी आखणे आवश्यक ठरते.