न दिसणारा स्विच

स्विच म्हटला की भिंतीवरचे बटण आठवते. मी सांगतो तो ‘ओपन व्हीस्विच’ मात्र डोळ्यांना दिसत नाही. एकाच संगणकात नांदणाऱ्या अनेक आभासी संगणकांचे टपाल तो वाटतो. त्याचा गाभ्याचा भाग २०१२ सालीच लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत सामावला. उरलेला मी मूळ कोडवरून घडवतो. ‘कॉन्फिगर’ सामग्री तपासते, ‘मेक’ घडवते, ‘मेक इन्स्टॉल’ जागेवर बसवते. मग आधी नोंदी सांभाळणारा ‘ओव्हीएसडीबी-सर्व्हर’ सुरू करायचा, मागाहून ‘ओव्हीएस-व्हीस्विचडी’.

वाचकहो, खरी कसोटी पुढेच! संगणकाचे नेटवर्क कार्ड या स्विचला जोडले, की कार्डाचा आयपी पत्ता स्विचच्या नावे करावा लागतो. ते राहिले, तर दूर गावचा संगणक तत्क्षणी मुका होतो. म्हणून असे काम मी संगणकासमोर बसूनच करतो.