पडदा काळा म्हणजे झोप नव्हे

नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडण्याच्या घाईत लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला. मुंबईत उघडला तर तापलेला आणि बॅटरी रिकामी! असे का व्हावे? बहुतेक लॅपटॉपच्या झाकणातले छोटे चुंबक खालच्या सेन्सरला ‘झाकण मिटले’ एवढेच कळवते. पुढे काय करायचे, ते लिनक्स प्रणाली ठरवते. नुसता पडदा बंद करण्याची सूचना असेल, तर आतले काम चालूच राहते. मंडळी, केडीई किंवा एक्सएफसीई वापरत असाल, तर पॉवर सेटिंग्जमध्ये झाकणासाठी ‘सस्पेंड’ किंवा ‘स्लीप’ निवडा. त्या झोपेतही मेमरीला थोडी वीज लागतेच. म्हणून आधी काम सेव्ह करा, झाकण मिटा, पंख्याचा आवाज थांबल्याची खात्री करा आणि मगच लॅपटॉप बॅगेत ठेवा.