मुलं मोठी झाली, आता पुन्हा माग? करवतकाठीत अडतं कुठे, समजून घ्या

करवतकाठी ही नागभीडची (जि. चंद्रपूर) ओळख असलेली टसर साडी. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. मुलांसाठी काही वर्षं माग सोडलेल्या बाईला ती पुन्हा विणायची असेल, तर अडतं कुठे?

हात विसरत नाहीत म्हणतात. पण इथे दोन हात पुरतच नाहीत. साध्या विणीला एक धोटा पुरतो, करवतीला तीन लागतात: दोन्ही काठांना एकेक आणि मधल्या अंगाला एक. दर फेरीला काठाचा आणि अंगाचा बाणा एकमेकांत अडकवायचा. म्हणून जोडीला बहुधा दुसरं माणूस लागतं, आणि ते घरातलंच असायचं. आता मुलं कॉलेजात नाहीतर नोकरीवर. (ज्यांच्यासाठी माग सोडला, त्यांचीच जागा रिकामी!)

मग सुरुवात सुतापासून करता येते. शेजारच्या गडचिरोलीत आरमोरी भागातली ढिवर कुटुंबं ऐनाच्या झाडांवर टसरचे कोसे पिकवतात. देशात अनेक ठिकाणी बायका हे सूत मांडीवर घासून काढत, कातडी सोलवटायची. ते थांबावं म्हणून केंद्र सरकारने २०१७ पासून 'बुनियाद' यंत्रांवर भर दिला. यंत्र एकटीला चालवता येतं. करवतीसाठी मात्र शेजारीण किंवा सून आधी पटवावी लागेल.