शेरा आणि संभाषण

हाताखालील माणसाला त्याच्या कामातील उणीव समोरासमोर सांगणे, हे अधिकाऱ्याचे सर्वांत अप्रिय कर्तव्य होय. ते टाळून गोपनीय अहवालात शेरा लिहिण्याची वाट सोपी असते. आपल्या प्रशासनात पूर्वी प्रतिकूल शेरेच तेवढे कळविले जात. सीमा रस्त्यांच्या सेवेतील एका अभियंत्यास १९९३-९४ सालासाठी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. पदोन्नतीसाठी ‘फार चांगला’ ही प्रत आवश्यक होती. परंतु तो शेरा त्याला कळविण्यातच आला नव्हता. या प्रकरणी २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रत्येक शेरा संबंधितास कळविलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास देण्याचा व त्यावर म्हणणे मांडण्यास १५ दिवसांची मुदत ठेवण्याचा आदेश काढला.

तथापि, वर्ष सरल्यावर हाती आलेल्या शेऱ्याने त्या वर्षाचे काम सुधारत नाही. म्हणून उणीव दिसताच, एकांतात बोलावे. ‘तुम्ही बेफिकीर आहात’ असे न म्हणता ‘या महिन्यात तीन विवरणपत्रे उशिरा आली’ असे म्हणावे आणि कारण विचारून उत्तर पुरते ऐकून घ्यावे. पुष्कळदा ते कारण अधिकाऱ्याच्याच संदिग्ध आदेशात सापडते.