रांगणाऱ्या हॉट रॉडचं तेल का तापतं?

१९३२ ची फोर्ड, नाकाशी उभट जाळी, बॉनेटच्या बाजूचे पत्रे काढलेले, आत शेव्हरलेचं ३५० घन इंची व्ही-एट आणि त्यामागे टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अमेरिकेतल्या हॉट रॉडवेड्यांची, म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवणाऱ्या हौशींची, ही आवडती जुळणी. मूळ गाडीत ऑटोमॅटिक असण्याचा प्रश्नच नव्हता. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये आली, तोवर ही फोर्ड जुनी होऊन गेली होती. म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड कसं ठेवायचं याची तजवीज कारखान्याने केलेलीच नाही. ती गाडी बांधणाऱ्याने करायची, आणि तो ती बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर करतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं : ‘मी काही शर्यतीत उतरणार नाही, मग मला कूलर कशाला?’ या वाक्यात वेग आणि उष्णता यांची चुकीची सांगड आहे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना टॉर्क कन्व्हर्टर जोडतो. इंजिनबरोबर फिरणारं पात्यांचं चक्र तेल फेकतं आणि त्या माऱ्याने समोरचं चक्र फिरतं. दोन्ही चक्रांच्या वेगात तफावत पडली की इंजिनच्या ताकदीचा काही भाग चाकांपर्यंत पोचतच नाही, तेलात उष्णता होऊन राहतो. मोकळ्या हमरस्त्यावर एका लयीत जाताना ही तफावत थोडीच असते, शिवाय समोरून वाराही भरपूर. खरी कसोटी लागते ती डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर. १९९५ पासून तिथे दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते. भर उन्हाळ्यात हजारो जुन्या गाड्या बंपरला बंपर लावून सरकत असतात. थांबा, सुटा, पुन्हा थांबा. दर वेळी सुटताना कन्व्हर्टर घसरतो आणि वारा मात्र नाही. दिमाखात रांगणारी गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा गिअरबॉक्सला जास्त तापवू शकते, ते यामुळे. त्यात मालकाने हौसेने जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर बसवला असेल, म्हणजे इंजिनने बराच वेग घेतल्यावर जो नीट पकड घेतो असा, तर विचारायलाच नको.

‘माझ्याकडे ७००आर४ गिअरबॉक्स आहे, त्यात लॉकअप आहे’ असंही उत्तर मिळतं. लॉकअप लागला की दोन्ही चक्रं एकमेकांशी घट्ट जखडतात आणि घसरण संपते, हे खरंच. पण तो लागतो वरच्या गिअरमध्ये, गाडीने वेग घेतल्यावर. रांगताना त्याचा काही उपयोग नाही. (आपल्याकडच्या स्वस्त एएमटी गाड्यांना हे गणित लागू होत नाही. तिथे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबतं.)

मग रेडिएटरच्या टाकीतला कूलर पुरेसा नाही का? पुष्कळदा पुरतो, पण तो आहे की नाही हे आधी बघावं. हॉट रॉडसाठी विकले जाणारे अॅल्युमिनियमचे बरेच रेडिएटर त्याच्याविनाच येतात. असेल तर ‘बाहेरचा लावला, आता तो तोडून टाकू’ असं करू नये. पाणी हवेपेक्षा झपाट्याने उष्णता घेतं, आणि सकाळी गाडी गार असताना हाच कूलर तेलाला ऊबही देतो. त्याची मर्यादा एवढीच, की तो तेलाला पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून क्रम असा ठेवतात : गिअरबॉक्समधून निघालेलं गरम तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून हवेच्या कूलरमध्ये आणि मग परत.

‘जितकं गार तितकं चांगलं’ हाही असाच एक समज. तेलाला साधारण ८० ते ९३ अंश सेल्सियस मानवतं. त्याच्या फार खाली ते जाड राहतं आणि त्यात शिरलेला ओलावा उडून जात नाही. वरच्या बाजूला मात्र दया नाही. ८० अंशांच्या पुढे दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. लाल तेल तपकिरी पडून करपल्याचा वास आला, की समजा उशीर झालाय.

कूलर निवडताना खोक्यावर छापलेल्या वाहनाच्या वजनाकडे मी फारसं बघणार नाही. हॉट रॉड हलकी असते, त्यामुळे तो आकडा तुमच्या हातात सर्वांत छोटा कूलर ठेवतो. कन्व्हर्टर किती घसरतो आणि कूलरला वारा किती मिळणार, हे दोन प्रश्न जास्त कामाचे. नळी-पंखी बनावटीचा कूलर स्वस्त आणि साधा. एकावर एक पत्रे रचलेला स्टॅक्ड प्लेट कूलर महाग पडतो, पण तेवढ्याच जागेत बरीच जास्त उष्णता काढतो. फोर्डच्या अरुंद जाळीमागे जागा मोजून-मापून असते, तेव्हा पैसे इथे घालावेत.

बसवण्याच्या बाबतीत सर्वांत वाईट सल्ला बहुधा किटबरोबरच येतो : प्लॅस्टिकच्या काड्या रेडिएटरच्या पंख्यांतून आरपार घालायच्या आणि कूलर त्यावर लटकवायचा. गाडीच्या थरथरीने या काड्या रेडिएटरच्या नळ्यांवर घासत राहतात आणि एक दिवस पाणी गळू लागतं. चेसीला किंवा रेडिएटरच्या आधारपट्टीला पत्र्याचे ब्रॅकेट करून घ्यावेत. शिवाय रेडिएटरपुढे कूलर आला, की त्याची गरम हवा रेडिएटरवरच जाते. ज्याचं इंजिन आधीच तापतंय, त्याने कूलर मागे, फरशीखाली न्यावा. तिथे वारा आपोआप पोचत नाही, म्हणून त्याला स्वतःचा पंखा आणि तापमानावर चालू होणारा स्विच हवा. सायलेन्सरच्या पाइपापासून तो लांब असावा, चेसीच्या खाली लोंबू नये आणि नळ्यांची तोंडं शक्यतो वर असावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही.

नळ्यांत काटकसर नको. पेट्रोलचा रबरी पाइप गिअरबॉक्सच्या गरम तेलाला टिकत नाही, आणि तांब्याची नळी थरथरीने कडक होऊन तडकते. ३/८ इंची स्टीलची नळी टाकावी, आणि गिअरबॉक्स व चेसी यांच्यातली हालचाल झेलण्यापुरताच ट्रान्समिशन कूलरसाठी बनवलेला पाइप वापरावा. जळलेल्या गिअरबॉक्सबरोबरचा जुना कूलर धुऊन लावण्याचा मोहही टाळावा. स्टॅक्ड प्लेटच्या बारीक वाटांत अडकलेला धातूचा चुरा पूर्ण निघेल याची खात्री नसते, आणि तो निघतो तेव्हा थेट नव्या गिअरबॉक्समध्ये जातो.

कूलर आणि नळ्या भरायला जादा तेल लागतं, त्यामुळे काम झाल्यावर पातळी पुन्हा बघावी लागते. जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर, पार्कमध्ये. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र न्यूट्रलमध्ये, कारण तिथे पार्कमध्ये कन्व्हर्टरला तेलच मिळत नाही.